खालची खोली

३ नोव्हेंबर, सोमवार

वकीलसाहेब म्हणाले, भाडेकरूविषयी मनात शंका असेल तर तारीख घालून लिहून ठेवा, तोंडी बोलणे कोर्टात टिकत नाही. म्हणून आजपासून लिहितो. मी सातवी पास आहे. अक्षर बरे आहे. विचार मात्र एका ओळीत राहत नाहीत, त्याला इलाज नाही.

काल संध्याकाळी आमच्या आळीत फटाके वाजले. दिवाळी होऊन गेली, मग आता कसले, म्हणून दार उघडले तर फुटबॉलवाल्या पोरांनी माळ लावली होती, तीही माझ्याच ओट्यासमोर. माझ्या वरच्या खोलीत विश्वजीत नावाचा भाडेकरू राहतो. मूळचा कोल्हापूरचा. आमच्या खाडीपट्टा क्लबकडून खेळतो. गोलच्या पुढे उभा राहून येईल त्याला अडवणे हे त्याचे काम. पोरे त्याला भिंत म्हणतात. त्याला गोव्याच्या मोठ्या क्लबने बोलावले होते आणि तो जाणार असेच सगळे धरून चालले होते. पण त्याने इथलाच करार आणखी तीन वर्षांनी वाढवला.

शेजारची रंजिता पेढा घेऊन आली. कॉलेजात आहे, पण सगळा वेळ क्लबच्या मागे. म्हणाली, "आजोबा, तोंड गोड करा. भिंत कुठे जात नाही."

पेढा खाल्ला. पण सगळ्या आळीत मी एकटाच असेन, ज्याला तो गोड लागला नाही. दोन वर्षे तो माझ्याकडे आहेच. आणखी तीन म्हणजे पाच. पाच वर्षे राहिलेला माणूस स्वतःहून उठून गेला, असे मी अजून पाहिलेले नाही.

मी अकरा महिन्यांच्या वर कुणाला लिहून देत नाही. चालू कागद डिसेंबरात संपतो. पण कागद कागदाच्या जागी असतो आणि माणूस खोलीत असतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज रंजिता आणि तिच्याबरोबर चारपाच पोरे आली. क्लबच्या चाहत्यांचा त्यांचा काही ग्रुप आहे, त्यावर भिंतीच्या घरमालकाची मुलाखत टाकायची म्हणे. मला खुर्चीत बसवले. एकाने माझ्या गळ्यात क्लबचा निळा पंचा घातला.

"आजोबा, विश्वजीतदादा घरी कसा असतो?"

"भाडे वेळेवर देतो."

"ते नाही हो. माणूस म्हणून."

"चपला बाहेर काढतो."

पोरे हसली. मग रंजिताने विचारले, "तो गोवा सोडून आपल्यासाठी थांबला. तुम्हाला कसं वाटतं?"

मी खरे तेच बोललो. "थांबला ते दिसतंय. पण का थांबला, ते बघा. जास्त मिळत असताना माणूस कमी घेतो, तेव्हा त्याची नजर दुसऱ्या कशावर तरी असते."

 एक पोरगा म्हणाला, "हे कापू का?" दुसरा म्हणाला, "नको, हेच ठेव."

माझी बायको शकू दारात उभी राहून ऐकत होती. पोरे गेल्यावर म्हणाली, "तुमाला कोनी विचारला होता काय?" मी म्हणालो, विचारले होते म्हणूनच सांगितले. ती आत गेली आणि भांडी जरा जोरात ठेवली.

८ नोव्हेंबर, शनिवार

जे वाटले होते तेच झाले.

विश्वजीत सकाळी सरावाला जाण्याआधी माझ्यापाशी आला. ओट्यावर बसला. उगाच हवापाण्याचे बोलला, मग म्हणाला, "आबा, ती खालची खोली रिकामीच हाय न्हवं? मला देता काय? भाडं वाढवून द्या लागलं तरी चालंल."

मी विचारले, वरच्या खोलीला काय झाले? वारा आहे, उजेड आहे.

"काय झालं न्हाई. खाली बरं पडंल मला."

बरे पडेल. कोणाला नाही पडणार.

आमच्या घरात एक रीत आहे, ती बापाने घालून दिली. जमिनीला टेकलेली खोली परक्याला द्यायची नाही. वरच्या खोलीतला माणूस हवेत राहतो, खालच्या खोलीतला जमिनीवर. बाप हे उगाच बोलत नव्हता. तो स्वतः कूळ होता. पनवेलच्या एका सावकाराची खारजमीन कसायचा आणि उन्हाळ्यात त्याच्याच मिठागरावर राबायचा. मिठाची राखण करायला बांधावर झोपडी घालू का, असे त्याने सावकाराला विचारले. सावकार भला माणूस, हो म्हणाला. मग त्या झोपडीत आम्ही भावंडे जन्मलो. पुढे कायदा आला आणि सातबारावर बापाचे नाव चढले. बापाने काही वाईट केले नाही, कायदाच तसा होता. पण तो सावकार शेवटी एकदा आमच्या दारावरून गेला तेव्हा त्याने आत पाहिले नाही, आणि बापाने पागोटे काढून हातात धरले, ते मला आठवते.

ती जमीन नंतर शहर वसवायला गेली. मिठागरही गेले. राहिले ते एवढे घर. खालच्या खोलीत मिठागराची फावडी, दोन टोपल्या आणि बापाची खाट आहे. तिला कुलूप असते आणि किल्ली माझ्या जानव्याला असती, जर आम्ही जानवे घालत असतो तर. आहे ती करदोट्याला आहे.

मी त्याला विचार करून सांगतो म्हणालो. म्हणजे नाही. तो उठला तेव्हा ओट्याच्या कडेला हात टेकून उठला आणि क्षणभर घराकडे वर खाली बघत उभा राहिला. घर मोजत होता जणू.

९ नोव्हेंबर, रविवार

मडक्यातले जाडे मीठ कमी होत चालले आहे. आपल्या जुन्या मिठागरातले ते शेवटचे मीठ, स्वयंपाकाला आम्ही ते वापरत नाही. शकूला विचारले तर म्हणाली, उंदरांनी खाल्ले असेल. उंदीर मीठ खात नाही.

मला वाटते ती त्या पोराची नजर काढते. मीठ-मोहरी ओवाळून टाकत असणार. रोज संध्याकाळी तव्यावर मीठ तडतडल्याचा आवाज येतो, आणि मी विचारले की तवा लगेच खाली उतरतो. परवा तो तिला 'आई' म्हणाला, माझ्या कानाने ऐकले. आधी 'मावशी' म्हणायचा. नाते लावून घेणे ही पहिली पायरी. वकीलसाहेबांना हे सांगितले पाहिजे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज खिडकीतून लक्ष ठेवले. आमचा जिना बाहेरच्या बाजूने आहे. तो सकाळी बादली घेऊन खाली आला, पण कसा? पाठमोरा. तोंड भिंतीकडे, पाठ माझ्याकडे, एका हाताने कठडा धरून. माझ्या खिडकीकडे तोंड यायला नको म्हणून माणूस असा उतरतो. ज्याच्या मनात काही नाही तो सरळ उतरतो.

दुपारी रंजिता भेटली. माझी मुलाखत फार लोकांनी पाहिली म्हणे. तिचा चेहरा मात्र तितका खुललेला नव्हता.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज मॅच पाहायला गेलो. कळंबोलीत ट्रक उभे राहतात त्यामागे क्लबचे मैदान आहे. मी एरवी जात नाही, पण आपला माणूस बाहेर कसा वागतो तेही पाहिले पाहिजे.

मला पाहताच पोरांनी जागा करून दिली. "या आजोबा, या. तुम्हीच तर डोळे उघडले आमचे." मला आधी बरे वाटले. मग कळले, काय उघडले ते. प्रत्येकाकडे एक कारण तयार होते. एक म्हणत होता, तो सट्टेवाल्यांना मिळाला आहे. दुसरा म्हणाला, खारघरच्या टॉवरमध्ये त्याची कोणी बाई आहे. तिसरा म्हणाला, "गोव्यावाल्यांनी बोलावलंच नव्हतं. ती पुडी त्यानेच सोडली, भाव वाढवायला." पंधरा दिवसांपूर्वी ह्याच तिघांनी माझ्या ओट्यासमोर माळ लावली होती.

आपण एक गोल खाल्ला. समोरचा पोरगा उजवीकडून पळत आला आणि विश्वजीत वळेपर्यंत पुढे निघून गेला. मला फुटबॉलमधले कळत नाही, पण तो वळताना थांबला एवढे मला दिसले. मागून कोणी तरी ओरडले, "का थांबला रे?" मग सगळे तेच ओरडू लागले. टाळ्यांच्या ठेक्यावर. का थांबला, का थांबला.

ते माझे शब्द होते. मी पंचा काढून खिशात घातला.

रंजिता शेवटच्या पायरीवर एकटी बसली होती. मला म्हणाली, "मी ते कापायला हवं होतं, आजोबा."

मी म्हणालो, "मी खोलीविषयी बोललो होतो."

"कसली खोली?"

मी समजावून सांगितले.  मग म्हणाली, "एवढंच?"

आजकालच्या पोरांना एवढेच वाटते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वकीलसाहेबांकडे जाऊन आलो. पाठमोरा उतरणे, आई म्हणणे, मीठ, खालची खोली मागणे, सगळे वाचून दाखवले. ते म्हणाले, "मीठ राहू द्या." बाकी ठीक आहे. डिसेंबरात मुदत संपते, नवा कागद करू नका, आज नोटीस देऊन ठेवू. मी नोटिशीवर सही केली.

घरी येऊन शकूला सांगितले. ती मासळी साफ करत होती. वर न बघता म्हणाली, "त्याला जागा कोन देल आता? पोरा बोंबलतान गावभर."

"तो आपला प्रश्न नाही."

"बरा," म्हणाली. नोटीस अजून माझ्याजवळच आहे. उद्या देईन.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शकू माझ्याशी बोलत नाही. जेवण मात्र चांगले करते. त्याचीच भीती वाटते. चिडली की ती आमटीत मीठ जास्त घालते, ही जन्माची सवय. ह्या वेळी आमटी बरोबर आहे.

नोटीस दिली नाही. काल तो उशिरा आला, आज मला सर्दी होती.

विश्वजीतच्या दारावर कोणी तरी खडूने 'का?' असे लिहून गेले. माझ्या घराच्या दारावर, माझ्या रंगावर. मी ओल्या फडक्याने पुसले. तो वरून बघत होता. "ऱ्हाऊ द्या आबा," म्हणाला, "पुन्ना लिवत्यात ती." चिडलेला नव्हता. तेही मला बरे वाटले नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज जे झाले ते नीट लिहितो.

दुपारी गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली. शकू बोलत नाही, म्हणजे कॉक बंद करायलाही ती कोणाला सांगणार नाही, म्हणून मीच वर गेलो. चढताना काही वाटत नाही. उतरताना माझे गुडघे वाकत नाहीत. तरुणपणी मिठागरात चिखल तुडवला, त्याची ही कमाई. मी तोंड भिंतीकडे करतो, कठडा धरतो आणि मागे मागे एकेक पाय सोडत उतरतो. असे उतरले म्हणजे गुडघ्यावर भार कमी येतो. हे मला कुणी शिकवले नाही, पाय शिकवतात.

असा उतरत असताना वरच्या खोलीचे दार उघडले आणि विश्वजीत बाहेर आला. मला पाहून तिथेच उभा राहिला. मी कठडा धरलेला, तोंड भिंतीकडे.  मग मी विचारले, "डावा की उजवा?"

"उजवा," तो म्हणाला.

मी पायरीवरच बसलो. तोही एक पाय लांब करून वरच्या पायरीवर बसला. लुंगीखाली गुडघा सुजलेला होता. त्यावर फडक्याची पुरचुंडी बांधली होती आणि तिच्यातून जाड्या मिठाचे खडे दिसत होते. शकूची गाठ मी ओळखतो.

"गोव्याला म्हणून गेला नाहीस?"

"तिथं आधी पाय यंत्रात घालून बघत्यात, आबा. घरी पाठवलं असतं. हितं कोन बघत न्हाई. ह्यो सीझन निघंल कसातरी. मग क्लबच्या शेठला म्हननार हुतो, मला पोरं शिकवायला ठेवा. तीन वर्सं कागद हाय, तोवर कायतरी शिकून घेईन. मला दुसरं काय येत न्हाई."

"आणि आत्ता कळले तर?"

"तर आत्ताच जातोय."

मी म्हणालो, "म्हणजे तू सगळ्यांना फसवतो आहेस."

"व्हय," म्हणाला.

त्याने नाही म्हटले असते तर मला सोपे गेले असते. मी म्हणालोच होतो की ह्यात काही तरी आहे. ते निघाले. पण ते असे निघेल असे वाटले नव्हते. शंका खरी ठरली की माणसाला समाधान वाटते. आज वाटले नाही.

खाली आम्ही दोघेही पाठमोरेच उतरलो. आधी मी, मग तो. शकूने न्हाणीच्या दारातून पाहिले आणि तोंडावर पदर धरला. हसत होती की काय, कळले नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज संध्याकाळी कृष्णकांतशेठ आला. क्लबचा अध्यक्ष तोच आणि करारावर सहीसुद्धा त्याचीच. तोही ह्याच पट्ट्यातला, त्याच्या बापाची आणि माझ्या बापाची मिठागरे शेजारी होती. आता इमारती बांधतो. गाडी आळीत शिरत नाही म्हणून चालत आला. मी त्याला ओट्यावरच बसवले.

चहा झाल्यावर म्हणाला, "बळीरामदादा, पोरा सतवतान मला. म्हनतान, भिंतीत काय तरी खोट हाय. डॉक्टरकडं पाठवला आनि काय नाय निघाला, तर म्हनतील शेठनं आपल्याच खेळाडूवर संशय घेतला. म्हनून तुलाच विचारायला आलू."

"मला काय विचारतोस? मला फुटबॉल कळत नाही."

"मानूस कळतो ना? अख्ख्या खाडीपट्ट्यात तुझ्याएवढा संशयी मानूस नाय, राग मानू नको. तुझ्या नजरंतून काय सुटत नाय. रोज तो तुझ्यासमोरनं जातो-येतो. त्याच्या पायाला काय हाय का?"

आत तवा तडतडत होता. तो थांबला.

मी शेठकडे पाहिले. मग मला फार राग आला, कोणाचा ते माहीत नाही. मी म्हणालो, "पाय? त्याच्या पायांनी माझा जीव खाल्लाय. जिन्यावरून उड्या मारत उतरतो, दोन दोन पायऱ्या एकदम. पायऱ्यांचे कठडे हलायला लागलेत. किती वेळा सांगितलं, हळू उतर म्हणून. ऐकत नाही. ते नुकसान क्लब भरून देणार का, आधी ते सांग."

शेठ हसू लागला. "म्हंजे पाय दनकट हायत."

"दणकट? घोडा बांधलाय माझ्या डोक्यावर."

"बस. तू तक्रार करतोस म्हंजे खरा हाय." त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. मला दुखले, पण मी चेहरा हलू दिला नाही. जाताना म्हणाला, कठड्याला सिमेंट पाठवून देतो.

म्हणजे आता मीही फसवणुकीत आलो. उद्या उघडकीला आले तर शेठ माझ्याकडे बोट दाखवणार. शिवाय ह्या पोराचा काय भरवसा? आज त्याने गुडघा दाखवला, उद्या तोच मला म्हणेल, आबा, तुम्हाला सगळे माहीत होते. मी खोटे बोललो ते त्याच्यासाठी नव्हे. 'काय सुटत नाय' असे शेठ म्हणाला, ते मला आवडले नाही, म्हणून बोललो. एवढेच असेल.

शकूने ताट वाढले. आमटी खारट होती, तोंडात घालवेना. म्हणाली, "लक्ष नवता माझा." सात दिवसांनी बोलली.

३० नोव्हेंबर, रविवार

नोटीस फाडली. वकीलसाहेबांना फोन करून सांगितले की अकरा महिन्यांचा नवा कागद करा आणि त्यात वरच्या खोलीऐवजी खालची लिहा.  मग म्हणाले, "तुम्हीच म्हणत होतात ना, जमिनीला टेकलेली द्यायची नाही?" मी म्हणालो, वर असला की काय करतो ते दिसत नाही. खाली माझ्या नजरेसमोर राहील. जिनाही वाचेल. ते म्हणाले, "तसं बघा."

सकाळी करदोट्याची किल्ली काढली आणि कुलूप उघडले. रंजिता दोन पोरांना घेऊन आली. मी विचारले, कशाला? म्हणाली, "भिंत हलवायला." त्यांनीच सामान खाली आणले. फावडी आणि टोपल्या गच्चीवर नेल्या. बापाची खाट न्यायला लागले, तर मी म्हणालो, ती राहू द्या, तिची उंची बरी आहे, उठायला सोपी पडते. रंजिताने माझ्याकडे पाहिले, पण काही विचारले नाही. ही पोरगी आता पूर्वीसारखी विचारत नाही.

विश्वजीत आत आला, खाटेवर बसला आणि त्याने उठून पाहिले. मी दारातून म्हणालो, "अकरा महिने. त्यापुढे माझी मर्जी."

"व्हय, आबा."

"आणि भिंतीला खिळा मारायचा नाही."

"न्हाई मारत."

बाप असता तर काय म्हणाला असता, हा विचार दुपारभर डोक्यात होता. कदाचित तो त्या सावकाराचे नाव घेऊन गप्प बसला असता. मला अजून बरोबर वाटत नाही. पाच वर्षे म्हणजे फार होतात. मी लक्ष ठेवणार आहे आणि इथे लिहिणार आहे.

आता शेजारच्या खोलीत तो खोकला तरी इकडे ऐकू येते. मिठाचे मडके पाहिले. तळ लागला आहे. मासळी सुकवायला लागते तसे जाडे मीठ करंजा बंदरावर मिळते. उद्या पहिल्या एसटीने जाऊन आणले पाहिजे. फार नको. तीन वर्षे पुरेल एवढे.